उजव्या डोळ्याबरोबर आलेला माणूस

खेड्यात राहणाऱ्या माणसाला आजारी पडायचे झाले, तर डॉक्टरांच्या आधी एस.टी.च्या वेळापत्रकाशी जुळवून घ्यावे लागते. आमचे गाव संगमेश्वर तालुक्यात, हमरस्त्यापासून बरेच आत असून तिथून रत्नागिरीला थेट जाणारी गाडी एकच आहे, ती म्हणजे रात्री वस्तीला येणारी आणि उजाडण्यापूर्वी निघणारी. सौ.च्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाल्याचे निदान झाले, तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या औदार्याने सांगितले की, तुम्हाला सोयीचा असेल तो दिवस कळवा. शहरातल्या डॉक्टरांना वाटते की निवृत्त शिक्षकाला आणि त्याच्या पत्नीला सगळेच दिवस सोयीचे असतात.

भात झोडून कणगीत पडल्याशिवाय ऑपरेशन नाही, हे तिने पहिल्यांदाच जाहीर केले. त्यानंतर गाय विणार होती. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरी येणार, त्या दिवशी डोळ्याला धूर चालत नाही, डोक्यावरून अंघोळ चालत नाही असली पथ्ये तिला नको होती. वाडीतल्या जाणत्यांचा निराळाच आक्षेप होता. मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय काढू नये, असे त्यांचे ठाम मत होते आणि ते हापूसच्या अनुभवावरून बनलेले असावे. आता अल्ट्रासाउंडच्या लहरींनी मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घेतात, त्यामुळे तो जितका पिकेल तितका कडक होऊन फोडायला अवघड जातो, हे डॉक्टरांचे म्हणणे मी विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल अशा रीतीने फळ्याविना समजावले. सर्वांनी ऐकून घेतले आणि एकाने विचारले, "पण गुरुजी, डोळा बाहेर काढून धुतात तो परत त्याच बाजूला बसवतात ना?"

अखेर जानेवारीतला एक बुधवार ठरला. गायीची व्यवस्था लावायला डोळ्याच्या तपासण्यांपेक्षा अधिक दिवस लागले, कारण ती गाय माझ्यासह कोणत्याही पुरुषाला कासेला हात लावू देत नाही. शेजारच्या वहिनींनी सौ.चे जुने पातळ नेसून धार काढायचे कबूल केले. त्याच संध्याकाळपासून "रत्नागिरीला चाललाच आहात तर" या प्रस्तावनेने सुरू होणारी कामे ओटीवर जमा होऊ लागली. कुणाच्या पंपाचा कपॅसिटर होता, कुणाच्या सुनेच्या ब्लाउजसाठी जुळणारे अस्तर होते, एका आजोबांना बँकेत हयातीच्या दाखल्याचे काय झाले ते विचारून हवे होते आणि खालच्या वाडीतल्या एकाने, जमल्यास, मिरकरवाड्याहून सुरमई आणायला सांगितली होती. डोळ्याच्या ऑपरेशनला निघालेल्या माणसांकडून सुरमई मागवताना त्याला जराही संकोच वाटला नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.

पहाटेच्या गाडीत तिकीट काढताना एक अन्याय लक्षात आला. महिलांना एस.टी.त 2023 पासून निम्मे भाडे आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट आहे आणि पासष्टीच्या पुढे निम्मे तिकीट लागते. मी यांपैकी कशातही बसत नसल्यामुळे जिचा डोळा दुरुस्त व्हायचा होता ती निम्म्या भाड्यात बसली आणि केवळ पिशव्या धरायला निघालेल्या मला पूर्ण पैसे मोजावे लागले. नंतरच्या दिवसाचा विचार करता सरकारने ही सवलत रुग्णाऐवजी सोबतच्या माणसाला द्यायला हवी, असे माझे नम्र मत आहे.

मोतीबिंदू काढल्यावर डोळ्यात बसवायच्या भिंगाची निवड आधीच्याच भेटीत झाली होती आणि ती इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. समुपदेशन करणाऱ्या बाईंनी दरपत्रक पुढे ठेवून देशी, परदेशी, एका अंतराचे, अनेक अंतरांचे असे प्रकार सांगितले. साडीच्या दुकानात अर्धा दिवस सहज काढणाऱ्या माझ्या पत्नीने इथे एका मिनिटात निर्णय दिला. "डॉक्टरांच्या आईला बसवले असते ते द्या," ती म्हणाली, "आणि लांबचे दिसणारे द्या. जवळचे मी चष्म्याने पाहीन. पाणंदीतून कोण वर येतंय ते चहा टाकायच्या आधी कळायला हवे." बाईंनी दरपत्रक मिटले.

रुग्णालयात पोचल्यावर पहिली अर्धी घटका दागिने उतरवण्यात गेली. मंगळसूत्र, पाटल्या, कुड्या आणि कष्टाने निघालेली जोडवी असा सगळा ऐवज हातरुमालात बांधून माझ्या स्वाधीन झाला. काखेत तिची पर्स, एका हातात फाइल, दुसऱ्या हातात सोन्याचे गाठोडे आणि खांद्यावर अस्तराचा नमुना असलेली पिशवी अशा अवस्थेत मी भिंतीला पाठ लावून बसलो. तिने दोन सूचना दिल्या. कुठेही हलू नका आणि कुणाशी बोलू नका. त्यांतली पहिली मला पोटाच्या दृष्टीने फार महागात पडली.

मग बाहुली मोठी करण्यासाठी दर दहा-पंधरा मिनिटांनी थेंब घालायचे सत्र सुरू झाले. थेंब घालणारी प्रत्येक परिचारिका आधी नाव विचारी आणि मग कोणता डोळा ते विचारी. कपाळावर उजव्या बाजूला पट्टी चिकटवलेली होती, फाइलवर ठळक अक्षरांत "उजवा" लिहिलेले होते, तरीही प्रश्न चुकत नव्हता. थोड्या वेळाने सौ.ने मला खूण करून जवळ बोलावले. "अहो, इतक्यांदा विचारतात म्हणजे यांनाच ठाऊक नाही की काय? तुम्ही एकदा डॉक्टरांना नीट सांगून या." चूक होऊ नये म्हणून मुद्दाम रुग्णाच्याच तोंडून वदवून घेतात, हे मी तिला सांगितले. ते तिला पटले असावे, कारण त्यापुढे परिचारिका दिसली की ती विचारायच्या आधीच "उजवा" असे सर्व हॉलला ऐकू जाईल इतक्या आवाजात जाहीर करू लागली.

तिचे मन रमावे म्हणून मी भिंगाचा इतिहास सांगायला घेतला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताचे बारीक तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसत. काही तुकडे डोळ्यात राहूनही त्रास देत नाहीत, हे हॅरॉल्ड रिडली या ब्रिटिश शल्यचिकित्सकाच्या ध्यानात आले आणि त्यावरून त्याने 1949 मध्ये लंडनमध्ये त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग माणसाच्या डोळ्यात बसवले. माझ्या वर्गात हा भाग नेहमी रंगत असे. इथे मात्र रांगेतल्या चार बाया एकदम माझ्याकडे पाहू लागल्या. "म्हणजे आम्हाला विमानाची काच बसवणार?" एकीने विचारले. "एवढे पैसे घेऊन शेवटी प्लास्टिकच ना?" दुसरी म्हणाली. सौ.ने मला जागेवर जाऊन बसायला सांगितले.

मी दूर गेल्यावर तिचे मन आपोआप रमले. शेजारच्या बाई लांज्याकडच्या निघाल्या, त्यांचे माहेर सौ.च्या आजोळापासून दोन कोसांवर निघाले आणि पुढच्या थेंबापर्यंत त्यांना लग्नाची भाची असल्याचेही निघाले. आमचा पुतण्या देखणा आहे, कष्टाळू आहे, काजूची आणि आंब्याची कलमे राखून आहे. त्याच्यात दोष एकच, तो गावात राहतो. या एका दोषापायी कोकणातली किती मुले बिनलग्नाची बसली आहेत, हे आता कुणाला सांगायला नको. हिरवा झगा आणि कागदी टोपी घातलेल्या त्या दोन स्त्रिया, एकीचा उजवा आणि एकीचा डावा डोळा विस्फारलेल्या अवस्थेत, पत्रिकेविषयी बोलत होत्या. तेवढ्यात सौ.ला आत बोलावले गेले.

ऑपरेशनला वीसेक मिनिटे लागली. तेवढ्या वेळात माझा फोन वाजला, कारण गावात फक्त सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, रेंज मिळते आणि तिथे पुतण्याला मुद्दाम उभे करून ठेवले होते. "काकी आत गेली," एवढेच मी हळू आवाजात सांगितले, आणि परिचारिकेने फोन बंद करायला लावल्यामुळे पुढचे वाक्य राहिले. हे अर्धे वाक्य सड्यावरून वाडीत उतरेपर्यंत इतके वाढले की शेजारच्या वहिनींनी देवाला नारळ ठेवला.

ती चालतच बाहेर आली. डोळ्यावर पट्टी होती. भूल केवळ थेंबांची असल्यामुळे ती पूर्ण जागी होती आणि डॉक्टरांना तिला दोनदा गप्प राहायला सांगावे लागले, असे मागाहून कळले. मी काळजीने विचारले, "दुखले का गं?" तिने विचारले, "त्या बाईंचा नंबर घेतलात का?" मला हलू नका आणि बोलू नका असे सांगितलेले होते, ही सबब तिला मान्य झाली नाही. तिला चहा आणि बिस्किटे मिळाली. सोबतच्या माणसाला चहा देण्याची पद्धत नव्हती.

"उद्या सकाळी नऊला पट्टी काढायला या," असे डॉक्टर सहज म्हणाले. शहरात या वाक्याचा अर्थ उद्या सकाळी नऊला येणे असा होतो. आमच्यासाठी मात्र त्याचा अर्थ मावसभावाच्या घरी मुक्काम, गायीची दुसरी धार आणि वहिनींना पातळ नेसण्याची पुन्हा विनवणी असा होता. एक सोय मात्र झाली. संध्याकाळी काळा गॉगल लावलेल्या पत्नीला मावसभावाकडे बसवून मी अस्तर, कपॅसिटर आणि हयातीचा दाखला उरकला. सुरमई आणली नाही, कारण तीही सोबत रात्रभर मुक्कामाला राहिली असती.

पट्टी निघाल्यावर भाड्याची गाडी केली. डॉक्टरांनी बजावले होते की वाकायचे नाही, जड उचलायचे नाही आणि गचके बसू द्यायचे नाहीत. हातखंब्यावरून संगमेश्वरकडे वळताना मी ही शेवटची सूचना चालकाच्या कानावर घातली. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण किती वर्षे रेंगाळले आहे आणि त्यातल्या वळणरस्त्यांनी काय काय मोडले आहे, हे त्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत होते. तो काही बोलला नाही. फक्त आरशातून सौ.कडे एकदा सहानुभूतीने पाहिले.

घरी आल्यावर खरी चाकरी सुरू झाली. दोन औषधे, पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दोन्हींमध्ये दहा मिनिटांचे अंतर, मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी. चुलीजवळ जायला तिला मनाई असल्यामुळे भाकरीही माझ्याकडे आली. लांज्याच्या बाईंचा नंबर तिने रुग्णालयात फोन करून कसा मिळवला ते तिलाच ठाऊक, पण दुसऱ्या रविवारी ती मंडळी घर पाहायला आली. पाणंदीत असतानाच सौ.ने ओसरीवरून मोजून सांगितले की पाच माणसे आहेत, पोहे वाढवा. पोहे मीच केले होते. बाईही काळ्या गॉगलमध्ये होत्या, आणि त्यांच्यामागून त्यांची पर्स आणि औषधांची पिशवी सांभाळत एक गृहस्थ चालत होते, त्यांना मी ओळख करून देण्याआधीच ओळखले. देण्याघेण्याचे बोलणे रंगात आले असताना अकरा वाजले, आणि आम्ही दोघे एकदम उठून हात धुवायला गेलो, कारण दोन्हीकडच्या थेंबांची वेळ झाली होती.

मुलीचा निरोप अजून आलेला नाही. दोघींचे राहिलेले डोळे मात्र शिमगा झाल्यावर आणि आंबा उतरायला लागण्यापूर्वी एकाच दिवशी करायचे, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे.