पालघरची सरासरी आणि मोखाड्याचा पाडा

पालघर जिल्ह्याच्या आरोग्याची सरासरी काढणे हा प्रकारच मला फसवा वाटतो. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या जिल्ह्याच्या हद्दीत सुमारे ३० लाख लोक राहत होते; त्यांतले १२ लाखांहून अधिक एकट्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत, तर डोंगरी, आदिवासी अशा अख्ख्या मोखाडा तालुक्यात लाखभरही नाहीत. त्यामुळे कोणताही आकडा काढा, त्यात वसईच दिसते आणि मोखाडा बुडून जातो.

जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी १९९२-९३ मध्ये राज्य हादरले, त्यानंतर योजना पुष्कळ आल्या आणि त्या सगळ्याच वाया गेल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. गरोदर व स्तनदा मातांना रोज एक चौरस जेवण देणारी २०१५ ची अमृत आहार योजना मला मनापासून पटते. माझा आक्षेप मोजमापावर आहे. डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ३ हजारांमागे एक उपकेंद्र, हा निकष सपाटीवरच्या ३० हजार व ५ हजारांपेक्षा उदार आहे खरा. पण त्यात डोकी मोजली जातात, वाट मोजली जात नाही. पावसाळ्यात ओहोळ भरून वाहू लागला की अडलेल्या बाईला चादरीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून, चौघे जण खांदे बदलत डांबरी सडकेपर्यंत आणतात, आणि १०८ ची गाडी मिळते ती तिथून पुढे. केंद्रावर शस्त्रक्रियेची सोय नसली की जव्हार, तिथेही निभले नाही की नाशिकला ‘रेफर’. कागदावर केंद्र आहे, म्हणजे सेवा आहे.

दुसरा घोळ स्थलांतराचा. दिवाळी उरकली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. काही वर्षांपूर्वी अशाच एका भट्टीवर मी अंगणवाडीताईंबरोबर गेले होते. झोपडीच्या दारात बसलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या दंडाला त्यांनी पट्टी गुंडाळली. खूण लाल रंगात आली, म्हणजे दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी, तीव्र कुपोषण. आईने पाड्याचे नाव सांगितले, ताईंनी तिकडच्या ताईंना फोन लावला. तिकडच्या वहीत मुलीच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा होता आणि इकडच्या वहीत तिचे नाव अजून चढलेच नव्हते. गंमत अशी (गंमत म्हणवत नाही), की ती त्या वेळी वसई तालुक्यातच राहत होती, ज्याच्या आकड्यांवर जिल्ह्याची सरासरी सावरते.

म्हणून जिल्हा परिषदेने बालमृत्यूंचे व कुपोषणाचे आकडे दर महिन्याला तालुकानिहाय, शक्य तिथे पाडानिहाय जाहीर करावेत, आणि प्रत्येक पाड्यावरून सिझेरियन होऊ शकेल अशा रुग्णालयात पोहोचायला किती तास लागतात, हेही त्याच तक्त्यात नोंदवावे. ही नोंद मात्र जुलैमधली असावी. मे महिन्यात ओहोळ कोरडे असतात.