प्लंबर फिनी

प्रेस्टन क्लबकडून खेळलेला इंग्लंडचा फुटबॉलपटू टॉम फिनी याच्यावरचा लेख आवडला. ७६ आंतरराष्ट्रीय सामने, ३० गोल हे सगळं आलं, पण १९५२ चा पालेर्मोचा किस्सा कसा काय सुटला? इटलीच्या त्या क्लबने त्याला १०,००० पौंड रोख, वर समुद्राकाठी बंगला आणि गाडी देऊ केली होती. तेव्हा इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, आठवड्याला जेमतेम १४ पौंड! प्रेस्टनच्या अध्यक्षांनी साफ नकार दिला, विषय संपला. करारच असे होते की क्लबने सोडल्याशिवाय खेळाडूला हलता येत नसे. लोक याला ‘निष्ठा’ म्हणतात. मला तर ही सरळसरळ वेठबिगारी वाटते. पगाराची ती मर्यादा उठली १९६१ मध्ये, फिनी निवृत्त झाल्यावर वर्षभराने. नशीब बघा!

बाकी वडिलांच्या हट्टापायी शिकलेलं प्लंबिंगचं काम त्याने खेळतानाही सोडलं नाही, म्हणून निभावलं. संघसहकारी बिल शँकली तर त्याला डोक्यावर घेऊन नाचायचा.

आणि हो, चेल्सीविरुद्ध १९५६ मध्ये काढलेला तो फोटो लेखात हवाच होता. चेल्सीच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर पाणी साचलंय, फिनी घसरत चेंडूमागे निघालाय आणि अंगाभोवती पाण्याचा नुसता पडदा उडालाय. प्रेस्टनच्या मैदानाबाहेर त्याच प्रसंगाचा पुतळा आहे, कारंज्यासकट.