मिठाच्या पुड्यावरची तारीख

आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या पुड्यावर पेनाने तारीख टाकलेली असते. एक्स्पायरीची नाही, पुडा फोडल्याची. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

दोन वर्षांपूर्वी आईचं बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि निघताना सांगितलं, मीठ कमी करा. आईने घरी येऊन जाहीर केलं, "मी वरून मीठ घेतच नाही." विषय संपला. दवाखान्यातून मिळालेलं रंगीत पत्रक चार दिवस फ्रीजला चिकटून होतं, मग त्याच्या पाठीवर किराण्याची यादी झाली. त्या यादीत अर्धा किलो उडदाचे पापड होते.

पुढे कधीतरी आमच्या भागातल्या आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविका, बीपी मोजायला आल्या. त्या "मीठ कमी खा" म्हणाल्याच नाहीत. त्यांनी विचारलं, "आजी, मिठाचा पुडा किती दिवस जातो?"

"महिनाभर जातो की."

"खाणारी माणसं किती?"

"चार."

ताईंनी वहीच्या कोपऱ्यात हिशेब मांडला. एक किलोचा पुडा, ४ माणसं, ३० दिवस. माणशी दिवसाला ८ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्या हिशेबाने आम्हाला महिन्याला ६०० ग्रॅम खूप झालं. आणि यात पापड, लोणचं, शेव, पाव धरलेलेच नाहीत. आईने सैंधवाचा मुद्दा काढून पाहिला. "त्यातही सोडियमच असतं, आजी," म्हणत ताईंनी पेन आईच्या हातात दिलं. "पुढचा पुडा फोडला की तारीख टाका. ३५ दिवस पुरला तर मला सांगा."

आईला वैद्यकशास्त्र पटलं असं मी म्हणणार नाही. तिला पुडा पुरवायचा नाद लागला. अर्ध्या पगारात घर चालवलेली बाई ती, वस्तू पुरवून वापरणं तिच्या हाडात आहे. ताईंनी आजाराची भीती घातली नाही, तिला येत असलेल्या गोष्टीलाच हात घातला.

तेव्हापासून आरोग्याच्या जाहिराती, शिबिरं, फलक यांच्याकडे मी जरा तिरकसच बघतो. आमच्या कंपनीत दर वर्षी आरोग्य शिबिर होतं. मागच्या वेळी साखरेचे दुष्परिणाम यावर तासभर व्याख्यान झालं आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात समोसा आणि गुलाबजामचं पाकीट. मीही खाल्लं. व्याख्यानानंतर भूक फार लागते.

तंबाखूचं तेच. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या तोंडाचं चित्र आणि इशारा २०१६ पासून आहे, सोडायची इच्छा असेल तर १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबरही छापलेला असतो. माझा शेजारच्या मशीनवरचा मित्र पुडी उलटी धरून मळतो, म्हणजे फोटो दिसत नाही. त्याची तंबाखू कमी झाली ती कशाने? गेटवर पुडी जमा करायचा नियम आला म्हणून. आठ तास हाताशी नाही. सुटलेली नाही अजून, सुट्टीच्या दिवशी उट्टं काढतो. पण दिवसाला दहा वेळा मळायचा तो चारवर आला, आणि हे त्या चित्राला जमलं नव्हतं.

मग नुसते नियमच करावेत का? तर तेही नाही. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून नाशकात हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही असं सुरू झालं होतं, आठवतंय? पंपावरच्या रांगेत मागच्याचं हेल्मेट पुढच्याच्या डोक्यावर, पेट्रोल भरलं की परत. मी स्वतः माझं दोघांना दिलं होतं. त्या वेळी मला ती माणुसकी वाटली.

या सगळ्यात मला फिनलंडचं उदाहरण फार आवडतं. तिथल्या उत्तर कारेलिया भागात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने जात होते. १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. लोणी, मीठ, सिगारेट यांवर बोलणं झालंच, पण त्यांनी गावोगावच्या गृहिणींच्या संघटनेला हाताशी धरलं. बायका जमायच्या, नेहमीचेच पदार्थ कमी चरबीत आणि कमी मिठात रांधायच्या, सगळ्यांनी बसून जेवायचं. सॉसेजवाल्यांनाही गाठलं, तर त्यांनी थोडी चरबी काढून मश्रूम घातले. पुढच्या चाळीसेक वर्षांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांमधले हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा जाहीरनाम्यात म्हटलंय की निरोगी पर्याय हाच सोपा पर्याय व्हायला हवा. त्या बायकांनी ते आधीच करून ठेवलं होतं, चुलीपाशी.

आता आमच्याकडे भिशी आहे, हळदीकुंकू आहे, रविवारची मिसळ आहे. (मिसळ सोडा म्हणणाऱ्याला नाशकात कुणी दारात उभं करणार नाही, आणि मीही करणार नाही.) पण रस्सा जरा कमी खारट केला, पापड मागितला तरच दिला, तर किती गिऱ्हाइकांच्या लक्षात येईल? बायकोने तिच्या भिशीत पुड्याची गोष्ट सांगितली. सहापैकी चार घरांत आता तारखा पडतात. ग्रुपवर पुड्यांचे फोटो येतात. एकीने ५२ दिवस लिहिलं, तर बाकीच्यांनी विचारलं, "मधे माहेरी जाऊन आलीस ना?"

चालण्याचंही असंच. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे गर्दी असते, कारण तिथे चालता येतं. आमच्या गल्लीतून तिथवर जायला फुटपाथ आहे, त्यावर दोन टपऱ्या, एक डीपी आणि कायमची उभी एक रिक्षा आहे. आई म्हणते, "तुझ्या ट्रॅकपर्यंत पोचायलाच मला गाडी लागेल." "रोज ३० मिनिटे चाला" हा फलकही त्याच फुटपाथवर रोवलेला आहे, आणि तो चुकवायला रस्त्यावर उतरावं लागतं.

काल नवा पुडा फोडला. आईने चष्मा लावून स्वतः तारीख टाकली, मग कॅलेंडरवर बोट ठेवून मागचे दिवस मोजले. ४३. चेहरा पडला तिचा.

"श्रावणात पाहुणे होते," ती म्हणाली. "ते दिवस धरायचे नाहीत."