डिकन्सचा जमाव: एका प्रतिक्रियेला उत्तर

'कादंबरी म्हणजे इतिहासाचं पाठ्यपुस्तक नव्हे, एवढंही कळत नसेल तर डिकन्सवर लिहू नये,' असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंय. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' या कादंबरीत क्रांती पेटल्यावर जमावातल्या माणसांना चेहरे उरत नाहीत, एवढंच मी त्यात म्हटलं होतं. मतभेद असू द्या, पण ही बोलायची पद्धत झाली का? स्वतःचं नाव द्यायचं नाही आणि एका वाक्यात समोरच्याची अक्कल काढायची!

मान्य करण्याजोगं आहे ते करतो. 'अ टेल ऑफ टू सिटीज'मध्ये मार्क्वीस या बड्या उमरावाच्या बग्गीखाली गरिबाचं पोर चिरडतं आणि तो बापाकडे नाणं भिरकावतो. हा प्रसंग माझ्या लेखात यायला हवा होता. उमरावांचा माज डिकन्सने दाखवलाय, त्याबद्दल वादच नाही.

पण सनावळ्या मी मागितल्या होत्या कुठे? माझा आक्षेप माणसांबद्दल आहे. पॅरिसमधल्या सेंट आंत्वान या गरीब वस्तीच्या रस्त्यावर वाइनचं पिंप फुटतं, लोक दगडांच्या फटींतली वाइन ओंजळीने पितात, तेव्हा त्यांना चेहरे आहेत, भूक आहे. बास्तीयचा तुरुंग पडताना तीच माणसं नुसता खवळलेला समुद्र होतात. क्रांतिकारक मादाम दफार्ज आणि तिचे दोनचार साथीदार सोडले, तर पुढे कुणी माणूस म्हणून उरतच नाही.

माझे वडील गिरणीत होते. 1982च्या संपात आमच्या चाळीतून मोर्चे निघायचे. रस्त्यावरून बघणाऱ्याला तो जमाव दिसायचा. त्यात कुणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, हे आम्हाला ठाऊक असायचं. तेव्हा जमाव काय असतो हे निदान मला तरी शिकवू नका.

आणि याचा परिणाम बघा. गिलोटिन, म्हणजे मुंडकं उडवायचं यंत्र, म्हटलं की आपल्याकडच्या वाचकाला उमरावच आठवतात. प्रत्यक्षात क्रांतिकारकांच्या राजवटीतल्या दहशतीच्या काळात देहदंड झालेल्यांत उमराव दहा टक्केही नव्हते. निम्म्याहून जास्त शेतकरी, कारागीर, साधी माणसं.

फ्रेंच कादंबरीकार ह्यूगोला मी झुकतं माप दिलं, हा तुमचा दुसरा आरोप. त्यावर काय बोलू? आधी राज्यक्रांतीवरची त्याची 'नाइंटी थ्री' वाचा.

शेवटी दुसऱ्याच्या जागी गिलोटिनवर जाणाऱ्या कार्टनबरोबर गाडीत असलेली ती शिवणकाम करणारी मुलगी आठवते का? गणराज्य आम्हा गरिबांचं भलं करणार आहे, माझ्या मरणाने त्याला फायदा होत असेल तर माझी ना नाही, पण तो कसा होणार ते कळत नाही, असं ती म्हणते. अख्ख्या कादंबरीत क्रांतीला याहून बोचरा प्रश्न कुणी विचारलेला नाही. तो विचारणारीला डिकन्सने नावसुद्धा दिलं नाही, कारण त्याला कार्टनच्या बलिदानाकडे जायची घाई आहे. माझा लेख याबद्दल होता. त्यावर काही म्हणायचं असेल तर जरूर लिहा, मी उत्तर देईन.