मेट्रोत चढण्याची बेळगावी पद्धत

बेंगळूरला लेकाकडे निघालेल्या तमाम बेळगावकरांनो, मेट्रोत कसं वागायचं हे तुम्हाला कुणी सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

यशवंतपूरला रेल्वेतून उतरलात की जवळच मेट्रोचं स्टेशन. १ मार्च २०१४ ला सुरू झालं तेव्हा गाडी संपिगे रोड ते पीण्या इंडस्ट्री एवढीच धावायची. नोव्हेंबर २०२४ पासून ती पार मादावरपर्यंत जाते. म्हणजे धक्काबुक्कीला भरपूर वाव.

तिकीट मोबाइलवर असेल तर गेट अडवून उभे राहा आणि मगच चष्मा शोधा.

रील मोठ्यानं लावा. डब्यातले सगळे बहिरेच असतात.

आता मुख्य विद्या, दाराची. उतरणारे मधून, चढणारे कडेनं, असे फलाटावर बाण काढलेत. ती रांगोळी समजा आणि बरोब्बर मध्ये उभे राहा. सराव आपला टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर झालेलाच आहे. गेट पडलं की डावी-उजवी सगळी बाजू आपली, पलीकडचेही तसेच, आणि गेट उघडल्यावर हॉर्न वाजवायला सगळे मोकळे! परवा मला यशवंतपूरला उतरून बेळगावची गाडी गाठायची होती. दार उघडलं आणि समोरून तांदळाचं पोतं, कुंद्याची पिशवी आणि अख्खं कुटुंब माझ्या अंगावर. ‘घूस की रे आत, दार लागतंय!’ अस्सल आपली मराठी. दार लागलं, मी आतच. उतरलो ते गोरगुंटेपाळ्याला. माझी गाडी गेली.

आणि हीच मंडळी गावी येऊन विचारणार, हुबळी-धारवाडला स्वतंत्र मार्गिकेवरून धावणारी चिगरी बस, बेंगळूरला मेट्रो, मग बेळगावला काय? १० ऑगस्ट २०२५ ला बेंगळूर मेट्रोची यलो लाइन आणि आपली बेळगाव-बेंगळूर वंदे भारत एकाच दिवशी सुरू झाली, तेव्हाही हेच रडगाणं: त्यांना मेट्रो, आणि आपल्याला त्यांच्याकडे जायची गाडी!

काय करायचीय मेट्रो? अहो, आतला माणूस बाहेर आल्याशिवाय तुम्हाला जागा होणार कुठून? एवढं साधं कळत नाही? हे काय वडापची जीप आहे, सुटलं तर तासभर दुसरं नाही? मागोमाग दुसरी मेट्रो येते. ते पोतं बाजूला घ्या आणि दाराच्या कडेला गप उभे राहा. लेकालाही सांगा. इंजिनिअर झालाय म्हणे, पण मागून ढकलत तोच होता.