स्वीडनच्या बुद्धमूर्तीवरून पोरीचं शिक्षण अडवू नका

भाचीला रेक्याविकच्या आइसलँड विद्यापीठात वायकिंग आणि मध्ययुगीन नॉर्स अभ्यासात एमए करायचंय. वायकिंग म्हणजे साधारण 8व्या ते 11व्या शतकातले स्वीडन-नॉर्वे-डेन्मार्ककडचे दर्यावर्दी, नॉर्स म्हणजे त्यांची भाषा आणि संस्कृती. तिच्या बाबांना व्हॉट्सॲपवर एक मेसेज आला आणि घरात विषयच संपला. मेसेज असा: वायकिंग मूळचे भारतीय, पुरावा म्हणजे स्वीडनमध्ये सापडलेली बुद्धमूर्ती, त्यांचा 'थोर' नावाचा देव म्हणजे आपला इंद्र, तिकडची विद्यापीठं हे दडपतात, आणि त्या शिंगवाल्या टोप्यांच्या रानटी लोकांना लिहिताच येत नव्हतं, तर त्यांच्यावर पदवी कसली घ्यायची?

एकाच मेसेजमध्ये ते आपले पूर्वजही आणि रानटीही. हे पुढे ढकलणाऱ्या एकालाही खटकू नये?

मूर्ती खरी आहे. स्टॉकहोमजवळ मेलारेन सरोवरातल्या हेल्गो बेटावर 1956 मध्ये ती सापडली. कमळावर बसलेला बुद्ध, उंची जेमतेम 8 सेंटिमीटर, मुठीत मावेल एवढा. घडवलेला 6व्या शतकाच्या सुमारास, स्वात-काश्मीरच्या बाजूला. पण त्याच बेटावर आयर्लंडच्या बिशपच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूच्या, काठीची मूठ आणि इजिप्तमधला काशाचा पळाही निघाला, ते मेसेजवाल्याने गाळलं. मूर्ती सापडली म्हणून वायकिंग मूळचे भारतीय, तर मग पळा सापडला म्हणून इजिप्तचे आणि मूठ सापडली म्हणून आयर्लंडचेही मानायचे का? हेल्गो व्यापाराचं ठाणं होतं, माल हातोहात फिरत तिथे पोचायचा. पुढे वायकिंगकाळात तर स्वीडनच्याच गोटलँड बेटावर अरबी चांदीची नाणी येऊन पडली. तिथल्या स्पिलिंग्सच्या एकाच ठेव्यात 14 हजारांहून जास्त नाणी निघाली, बहुतेक इस्लामी जगातली. म्हणून गोटलँडचे लोक मूळचे अरब होते असं कोणी म्हणत नाही.

दडपण्याचं म्हणाल, तर हेल्गोच्या उत्खननाचे खंडच्या खंड स्वीडनमध्येच छापलेत. मूर्तीची माहिती मेसेजवाल्याला मिळाली तीही तिथूनच.

थोर आणि इंद्र यांच्यात साम्य आहे, हे मान्य करावंच लागतं. दोघेही मेघगर्जनेचे देव, दोघेही महासर्पाशी लढणारे. संस्कृत आणि नॉर्स या भाषांचं मूळ एक असल्याने काही कथाही त्या मुळातून आल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. पण त्याने वायकिंग भारतातून गेले असं ठरत नाही. आणि 'त्यांचे देव आशियातून आले' हे तर आइसलँडचा लेखक स्नोरी स्टुर्लुसन याने 13व्या शतकातच लिहून ठेवलंय. त्याने थोरला ट्रॉय या आशियातल्या प्राचीन शहराच्या राजघराण्यात बसवलं. स्नोरी ख्रिस्ती होता. जुन्या देवांना माणसं ठरवलं की त्यांच्या कथा बिनधोक सांगता यायच्या. तो कोणासाठी आणि का लिहितोय, हे पारखायलाच तर भाची तिकडे चाललीय.

लिहिता येत नव्हतं, हे साफ खोटं. स्वीडनमधल्या रोकचा 9व्या शतकातला शिलालेख बघा: एकाच दगडावर त्यांच्या रून नावाच्या लिपीतली साडेसातशेवर अक्षरं, आणि त्यांच्या अर्थावर अजून वाद चालू आहे. ग्रंथ मात्र उशिरा, ख्रिस्ती धर्म आल्यावर लिहिले गेले, तेवढं खरं.

शिंगांच्या टोप्या जर्मन संगीतकार वाग्नरच्या 1876 मधल्या ऑपेराच्या, म्हणजे संगीतनाटकाच्या, वेशभूषेने लोकांच्या डोक्यात बसवल्या. नॉर्वेत येर्मुंडबूला वायकिंगांचं खरं शिरस्त्राण मिळालं, त्याला शिंगं नाहीत.

या विषयात नोकऱ्या थोड्या आहेत आणि परदेशातला खर्च मोठा आहे, ही भाऊजींची काळजी रास्त आहे. त्यावर तिच्याशी समोर बसून बोला, आकडे मांडा. तो मेसेज मात्र तिच्यापुढे पुन्हा धरू नका.