साक्षीला निघालात? मग एवढी तयारी कराच

विहिरीवरची केबल चोरीला गेली त्या दिवशी तुम्ही नेमके रस्त्यात भेटलात, पोलिसांनी तुम्हाला पंच केले आणि आज काही वर्षांनी समन्स आले असेल, तर प्रथम अभिनंदन. तारीख कापसाच्या ऐन वेचणीत असेल; मजूर दुसऱ्याच्या वावरात जाऊ द्या.

धुऱ्यापासून विहीर किती पावलांवर होती, पंचनामा जागेवर लिहिला की ठाण्यात, हे सारे पाठ करा, कारण उलटतपासणीत तेच विचारतील आणि सही कोऱ्या कागदावर केली होती, असेही सुचवतील.

भाकर सोबत न्या.

पहिल्या एसटीने पोहोचा आणि व्हरांड्यात उभे राहण्याचा सराव ठेवा. तिथल्या एकुलत्या बाकावर आरोपी बसलेला असतो, तो गावचाच असतो आणि ‘काका, चहा घेता का?’ असे आपुलकीने विचारतो. घेऊन टाका, कारण त्या आवारात तुमची विचारपूस करणारा तेवढाच एक माणूस असतो. परवा मी दिवसभर पुकाऱ्याची वाट पाहिली आणि संध्याकाळी कळले की, आरोपीचे वकील जिल्ह्याच्या न्यायालयात गुंतले आहेत, सबब पुढची तारीख. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४६ सांगते की, वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे हे तारीख वाढवण्याचे कारण होऊ शकत नाही आणि हजर साक्षीदाराला विशेष लेखी कारणाशिवाय न तपासता परत पाठवता येत नाही. साक्षीदार थकून नाद सोडेपर्यंत तारखा घेण्याच्या या चालीवर सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच, स्वर्णसिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात, कोरडे ओढले होते. पण तुम्ही कलम तोंडपाठ करू नका, व्हरांड्यात ते कोणी विचारत नाही.

भत्त्याची आशा घरीच ठेवा.

आणि वकीलसाहेब, दुसरे प्रकरण आहे हे तुम्हाला आदल्या दिवशी ठाऊक नव्हते काय? सरकारी वकिलांनी हरकत का घेतली नाही? माणसाची मजुरी बुडवायची, त्याला आरोपीच्या शेजारी ताटकळत ठेवायचे आणि पुढे तो फितूर झाला की गावच्या लोकांना सचोटी नाही म्हणायचे, याची लाज वाटली पाहिजे. समन्स देताना पोलिसांनी आमचा मोबाईल नंबर लिहून नेला होता; तारीख वाढणार असेल तेव्हा तो एकदा तरी लावा.